दाराची काच फुटली : विम्याचा दावा करावा की पैसे खिशातून भरावेत?

गाडीची पुढची काच आणि दाराची काच दिसायला सारखीच असली, तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा असतो. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेच्या दोन पातळ थरांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून बसवलेला असतो. त्यामुळे खडी उडून लागली तर तिच्यावर चांदणीसारखी चीर पडते आणि ती चीर लहान असेल तर राळ भरून बुजवताही येते. बहुतेक गाड्यांच्या दाराची काच मात्र टफन्ड असते. ती भट्टीत तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केलेली असते, आणि एकदा ती फुटली की ज्वारीच्या दाण्यांएवढ्या हजारो तुकड्यांचा खच सीटवर पडतो. अशा काचेची दुरुस्ती होत नाही, ती बदलावीच लागते. म्हणून इथे प्रश्न एवढाच उरतो की, नव्या काचेचे पैसे कोणी भरायचे. सर्वसमावेशक पॉलिसी असलेल्या मालकाला वाटते की ते अर्थातच विमा कंपनीने भरायचे. पॉलिसीच्या अटींनुसार हे बरोबर असले, तरी एका काचेपुरता दावा अनेकदा मालकालाच महागात पडतो. हे कसे, ते आकड्यांनिशी पाहण्याआधी काच फुटल्यावर लगेच काय करावे ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा दावा त्या अर्ध्या तासावर बराच अवलंबून असतो.

काच फुटलेली दिसताच

सर्वप्रथम फोटो काढावेत. संपूर्ण गाडी, तिचा नंबर, फुटलेले दार, सीटवर आणि रस्त्यावर पडलेली काच, दगड किंवा चेंडू आत पडलेला असल्यास तो, आणि गाडी उभी असलेल्या जागेचा आजूबाजूचा भाग, हे सारे त्यात यावे. त्यानंतरच काच गोळा करण्यास हरकत नाही. हातमोजे किंवा जाड कापड वापरावे. दाराच्या पॉवर विंडोचे बटण मात्र दाबू नये. काचेचे बरेचसे तुकडे दाराच्या पोकळीत उतरलेले असतात, आणि बटण दाबल्यास ते रेग्युलेटरमध्ये, म्हणजे काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेत, अडकून त्याचीही मोडतोड होते. मग हे नंतरचे नुकसान मूळ अपघाताचेच होते, हे पटवून देण्याची जबाबदारी मालकावर येते.

पॉलिसीच्या छापील अटींमध्ये एक वाक्य असते, ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही : गाडीचे आणखी नुकसान होऊ नये म्हणून मालकाने योग्य ती सर्व काळजी घेतली पाहिजे, आणि अपघातानंतर गाडी खबरदारी न घेता बेवारस सोडता कामा नये. काच फुटलेली गाडी रात्रभर रस्त्यावर तशीच उभी राहिली आणि पावसाने सीट भिजली, किंवा कोणी आतील स्टिरिओ काढून नेला, तर त्या वाढीव नुकसानीबद्दल कंपनी हात वर करू शकते. म्हणून जाड प्लॅस्टिकचा कागद दाराच्या चौकटीवर बाहेरून ताणून चिकटपट्टीने पक्का लावावा आणि गाडी शक्य तितक्या लवकर बंदिस्त जागी न्यावी. त्या तात्पुरत्या कागदाचाही एक फोटो काढून ठेवावा.

चोरीसाठी काच फोडली असेल किंवा कोणी मुद्दाम फोडली असेल, तर पोलीस ठाण्यात जाणे टाळू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देता येते, मात्र ती नोंदवून घेण्यासाठी तीन दिवसांत सही करावी लागते. किरकोळ मोडतोडीच्या प्रकरणात पोलीस बऱ्याचदा एफआयआरऐवजी अदखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘एनसी’ म्हणतात तशी, नोंद करतात. ती प्रतही जपून ठेवावी आणि दाव्याला जोडावी. वस्तू हरवल्याची ऑनलाइन नोंद ही मात्र चोरीची फिर्याद नव्हे, त्यामुळे ती करून थांबू नये.

विम्यात काय बसते आणि काय बसत नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार जो विमा सक्तीचा आहे तो केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा असतो. एवढाच विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या काचेसाठी एक रुपयाही मिळत नाही. काचेसाठी ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण लागते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागतो, मात्र ओन डॅमेजचा भाग अनेकांनी एकाच वर्षाचा घेतलेला असतो. ‘गाडीला तीन वर्षांचा विमा आहे’ या समजुतीत दुसऱ्या वर्षी तो भाग संपून गेल्याचे काच फुटल्यावरच लक्षात येते. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही भागांच्या मुदती स्वतंत्रपणे वाचाव्यात.

ओन डॅमेजमध्ये अपघात, आग, घरफोडी व चोरी, दंगल व संप, पूर, वादळ, गारपीट, भूकंप, दरड कोसळणे, दहशतवादी कृत्य आणि हेतुपुरस्सर केलेली मोडतोड ही कारणे मानक पॉलिसीतच समाविष्ट असतात. त्यामुळे बंदच्या दिवशीची दगडफेक, सोसायटीच्या आवारात मुलांचा सुटलेला चेंडू, पावसाळ्यात कोसळलेली फांदी किंवा लॅपटॉपच्या पिशवीसाठी फोडलेली काच, यांपैकी कशासाठीही वेगळे संरक्षण घ्यावे लागत नाही. ती लॅपटॉपची पिशवी मात्र विम्यात येत नाही. पॉलिसी गाडीची असते, गाडीतील सामानाची नव्हे. त्यासाठी वैयक्तिक वस्तूंचे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचे पूरक संरक्षण, वेगळे घ्यावे लागते आणि त्यातही इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबतच्या अटी नीट वाचाव्या लागतात.

दावा नाकारला जाण्याचे एक नेहमीचे कारण इथे सांगितले पाहिजे. कित्येकदा काच फुटलेली नसते, तर रेग्युलेटरची तार तुटल्याने ती धाडकन दारात खाली जाते आणि तळाशी आदळून तडकते. मालकाच्या दृष्टीने काच फुटली ती फुटलीच, पण पॉलिसीच्या भाषेत हा यांत्रिक बिघाड ठरतो आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड तसेच नेहमीची झीज मानक पॉलिसीतून वगळलेली असते. सुकलेल्या रबरात अडकलेल्या धुळीने काचेवर उमटलेले उभे ओरखडे हीसुद्धा झीजच. त्यामुळे अर्जात घटना लिहिताना जे घडले तेच आणि नेमके लिहावे. ‘काच आपोआप फुटली’ हे एक बेसावध वाक्य चांगल्या दाव्यालाही अडचणीत आणते.

वजावटीचे गणित

प्रत्येक ओन डॅमेज दाव्यातून एक ठरावीक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते. तिला अनिवार्य वजावट म्हणतात, आणि खासगी मोटारीसाठी ती १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये व त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,००० रुपये असते. गॅरेजमध्ये हिला ‘फाइल चार्ज’ म्हणतात, आणि त्या नावामुळे अनेकांना ती गॅरेजने लावलेली फी वाटून ते काउंटरवर हुज्जत घालतात. ती फी नव्हे. तेवढी रक्कम कंपनी देतच नाही, म्हणून गॅरेज ती ग्राहकाकडून घेते. ही वजावट दर वर्षाला नव्हे, तर दर घटनेला लागते. एकाच झाडाखाली दोन काचा आणि टप एकदम चेपले, तर वजावट एकदाच. पण जूनमध्ये फुटलेली डावी काच आणि ऑगस्टमध्ये फुटलेली उजवी काच एकाच अर्जात दाखवता येत नाही.

याशिवाय ऐच्छिक वजावट असते. पॉलिसी घेताना हप्ता कमी व्हावा म्हणून मालकाने स्वतःहून पत्करलेली ही जादा रक्कम अनिवार्य वजावटीवर वाढते, तिच्याऐवजी येत नाही. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे तेव्हा सर्व कंपन्यांना लागू असलेल्या दरपत्रकात, तिचे टप्पे २,५००, ५,०००, ७,५०० आणि १५,००० रुपये असे होते, आणि ओन डॅमेजच्या हप्त्यावर त्यांसाठी अनुक्रमे २०, २५, ३० आणि ३५ टक्के सूट, पण कमाल ७५०, १,५००, २,००० आणि २,५०० रुपयांपर्यंतच, ठरवलेली होती. आता कंपन्यांचे दर आपापले असतात, पण टप्प्यांची रचना अजूनही बरीचशी तशीच दिसते. ऑनलाइन पॉलिसी घेताना स्वस्त दिसावी म्हणून हा पर्याय आधीच निवडलेला तर नाही ना, हे पाहून घ्यावे.

तिसरी कपात घसाऱ्याची. इथे काचेची बाब सुखद आहे : रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के आणि धातूवर गाडीच्या वयानुसार ५० टक्क्यांपर्यंत घसारा कापला जात असला, तरी काचेवर घसारा शून्य आहे. गाडी आठ वर्षांची असली तरी काचेची पूर्ण किंमत धरली जाते. म्हणजे केवळ काचेसाठी ‘झीरो डेप’चा, अर्थात घसारा न कापण्याच्या ॲड-ऑनचा, फायदा जवळजवळ नाहीच, तो फक्त काचेभोवतीच्या रबरी बीडिंगपुरता होतो.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले बिल घेऊ. १,२०० सीसीच्या गाडीच्या मागच्या दाराची काच ३,२०० रुपये, रबरी बीडिंग ६०० आणि मजुरी ९००, असे करांसह एकूण ४,७०० रुपये झाले. साध्या पॉलिसीत बीडिंगचे ३०० रुपये घसाऱ्यात गेले आणि १,००० रुपये अनिवार्य वजावटीत. कंपनीकडून ३,४०० रुपये मिळाले. झीरो डेप असते तर ३,७०० मिळाले असते. २,५०० रुपयांची ऐच्छिक वजावट असती तर साध्या पॉलिसीत हाती फक्त ९०० रुपये आले असते, आणि ५,००० रुपयांची असती तर काहीच नाही.

तर मग ३,४०० रुपये मिळत असताना दावा का करू नये? याचे उत्तर ‘नो क्लेम बोनस’मध्ये, म्हणजेच एनसीबीमध्ये आहे. दाव्याविना गेलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते, आणि एकच दावा केला की पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ती शून्यावर येते. वरील मालकाला सध्या ३५ टक्के सूट आहे आणि सूट धरण्याआधीचा त्याचा ओन डॅमेज हप्ता ८,००० रुपये आहे असे समजू. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी त्याला ४५ टक्के म्हणजे ३,६०० रुपये सूट मिळाली असती, आणि त्यावरच्या १८ टक्के जीएसटीसह हा फरक ४,२४८ रुपयांचा होतो. पहिल्याच वर्षी तो मिळालेल्या रकमेच्या पुढे गेला. शिवाय नुकसान तिथे थांबत नाही, कारण शिडी पुन्हा तळापासून चढायची असते : दुसऱ्या नूतनीकरणाला ५० ऐवजी २० टक्के, मग २५, मग ३५, मग ४५. या पाच वर्षांतील फरकांची बेरीज ४५, ३०, २५, १५ आणि ५ मिळून १२० टक्के होते, म्हणजे हप्ता तेवढाच राहिला असे धरल्यास ९,६०० रुपये आणि कर वेगळा. गाडीची विमा किंमत दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षातला आकडा याहून कमी येईल, हे खरे. तरीही ३,४०० रुपयांसाठी हा सौदा शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

गाडी नवी असून एनसीबी अजून सुरूच झाला नसेल तर हीच बेरीज ५० टक्क्यांवर येते, आणि ५० टक्क्यांवर पोहोचलेल्या मालकासाठी ती १२५ होते. स्वतःच्या पॉलिसीवरचे दोन आकडे, म्हणजे एनसीबीची टक्केवारी आणि सूट धरण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता, कागदावर मांडून हा हिशेब पाच मिनिटांत करता येतो. एजंटला विचारायला हरकत नाही, पण विचारण्याआधी आपला आकडा तयार ठेवावा.

दावा करणे योग्य ठरते असे प्रसंगही आहेतच. त्याच पॉलिसी वर्षात आधी एक दावा झालेला असेल तर एनसीबी गेलेलाच असतो, आणि दुसऱ्या दाव्याने आणखी काही जात नाही. मात्र झीरो डेपखाली वर्षाला किती दावे चालतात याची मर्यादा अनेक पॉलिसींत असते, तेव्हा ती पाहून ठरवावे. काचेसोबत दार, छप्पर किंवा आरसाही गेला असेल तर रक्कम इतकी मोठी होते की वजावट व एनसीबी दोन्ही फिके पडतात. महागड्या गाड्यांमध्ये आता दाराच्या काचाही आवाज अडवणाऱ्या लॅमिनेटेड प्रकारच्या येतात, तर काही गाड्यांची मागची त्रिकोणी क्वार्टर ग्लास चिकटवलेली असते. त्यांचे कोटेशन पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. एनसीबी संरक्षणाचे ॲड-ऑन घेतलेले असेल तर त्याच्या अटी वाचाव्यात, कारण किती दाव्यांपर्यंत आणि कोणत्या प्रकारच्या दाव्यांत बोनस राखला जाईल हे प्रत्येक कंपनीत वेगळे असते.

आणखी एका गोष्टीचा विचार सहसा होत नाही. एनसीबी गाडीचा नसून मालकाचा असतो. वर्षभरात जुनी गाडी विकून नवी घ्यायची असेल तर हाच बोनस प्रमाणपत्राद्वारे नव्या गाडीवर नेता येतो, आणि नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता बराच मोठा असतो. अशा वेळी जुन्या गाडीच्या एका काचेसाठी तो घालवणे म्हणजे दिवाळीच्या तोंडावर पितळी समई भंगारात देण्यासारखे आहे. उलट बाजूने पाहता, लहान नुकसानीसाठी आपण दावा करणारच नाही हे ज्याने हिशेबाने ठरवले आहे, त्याने २,५०० किंवा ५,००० रुपयांची ऐच्छिक वजावट घेऊन दरवर्षी हप्त्यातली सूट मिळवण्याचा विचार अवश्य करावा.

चेंडूसारख्या प्रकरणात शेजाऱ्याने काचेचे पैसे देऊ केले तर ते घ्यावेत आणि विषय संपवावा. त्याच काचेसाठी विमा कंपनीकडूनही रक्कम मागता येत नाही. विमा झालेल्या नुकसानीची भरपाई असतो, त्यावर नफा नाही.

दावा करायचा ठरल्यास

काच बदलण्याआधी कंपनीला कळवावे, हा यातला न मोडण्याचा नियम आहे. मानक पॉलिसीत मालकाला स्वतःहून दुरुस्ती करून घेण्याची मुभा आहे, पण ती फक्त ५०० रुपयांपर्यंतच्या खर्चाची, आणि तेवढ्यात आज कोणतीच काच येत नाही. ॲपवर, फोनवर किंवा ईमेलने कळवून दावा क्रमांक लगेच लिहून घ्यावा. लहान रकमेच्या दाव्यात कंपनी बहुधा फोटो किंवा व्हिडिओवरूनच तपासणी करते. सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ, नेमायचा असल्यास तो दावा कळवल्यापासून २४ तासांत नेमला जावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यावा, असे विमा नियामकाने २०२४ च्या मास्टर परिपत्रकात सांगितले आहे.

आरसी, पॉलिसी, चालकाचा परवाना, ओळखपत्र, भरलेला दावा अर्ज, गॅरेजचे अंदाजपत्रक आणि असल्यास पोलिसांची प्रत, एवढी कागदपत्रे लागतात. गाडी उभी असताना काच फुटली असेल तर ‘गाडी पार्क केलेली होती’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे चालक कोण होता हा प्रश्न निर्माण होत नाही. जुनी गाडी विकत घेतलेली असेल आणि पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावे असेल, तर ओन डॅमेज दावा अडकतो. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमाही नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा लागतो, तो त्यासाठीच.

गॅरेज विमा कंपनीच्या नेटवर्कमधले असेल तर काम कॅशलेस होते आणि मालक फक्त वजावट व न बसणाऱ्या बाबी भरतो. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून काम करून घेतल्यास आधी पूर्ण पैसे भरून नंतर भरपाई घ्यावी लागते, आणि त्यासाठी जीएसटी क्रमांकासह पक्के बिल लागते. बिलात काच, बीडिंग आणि मजुरी वेगवेगळ्या ओळींत मागावी. सगळे एकाच रकमेत लिहिले गेले तर शून्य घसाऱ्याची काच आणि ५० टक्क्यांचे रबर यांची सरमिसळ होते, आणि ती क्वचितच ग्राहकाच्या बाजूने सुटते.

बसवलेली काच तपासताना

काचेच्या खालच्या कोपऱ्यात उत्पादकाचे चिन्ह आणि सुरक्षा काचेसाठीच्या आयएस २५५३ या भारतीय मानकाचा उल्लेख असलेला शिक्का असतो. शेजारच्या दाराच्या काचेवरील शिक्क्याशी तो ताडून पाहावा. सेंट गोबेन सेक्युरिटसारख्या उत्पादकाचे भोसरी आणि चाकण येथे कारखाने आहेत, त्यामुळे पुण्याच्या परिसरात चालू मॉडेलची अस्सल काच मिळणे सहसा कठीण नसते. काच वरखाली करून पाहावी, चालत्या गाडीत वाऱ्याची शिट्टी येते का ते ऐकावे आणि पाइपने पाणी मारून दाराच्या आत ओल येते का ते तपासावे. डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, उघडलेले असतानाच पोकळीतील काचेचे दाणे व्हॅक्यूमने काढायला सांगावे, नाहीतर पुढचे सहा महिने प्रत्येक खड्ड्यात दार खुळखुळते.

जुन्या काचेवर काळी फिल्म असेल तर तिची भरपाई मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर फिल्म लावण्यास मनाई केली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १०० नुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

दावा नाकारला किंवा कमी केला तर

कारण लेखी मागावे आणि पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली कपात झाली ते विचारावे. काचेवर घसारा कापला गेला असेल, किंवा एकाच घटनेतील दोन काचांवर वजावट दोनदा लावली असेल, तर बहुतेक वेळा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलेल्या एका पत्राने चूक दुरुस्त होते. न झाल्यास नियामकाचे ‘बीमा भरोसा’ हे संकेतस्थळ आणि १५५२५५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, तिथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. तक्रारीसोबत सुरुवातीला काढलेले फोटो, दावा क्रमांक आणि ओळीनिहाय बिल जोडावे.